विषय: दिवाळी कार्यक्रम, जानकी अम्मल यांचं पोस्टर

नमस्कार मंडळी,
४ नोव्हेंबरला वनस्पतीशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांचा जन्मदिवस, म्हणून आपल्या इथल्या मिशिगनच्या दिवाळी कार्यक्रमात मुलांच्या सायन्स कोपऱ्यात त्यांचं पोस्टर लावतोय. हेडिंग ठरलंय, "भारताचा ऊस गोड करणारी बाई". काका सध्या सांगलीलाच आहेत आणि त्यांच्या घरचा ऊस आहे, तर त्यांनी एकदा नजर टाकावी.

---

ताई,
पोस्टर छान झालंय पण हेडिंग बदला अशी कळकळीची विनंती. कोइमतूरच्या ऊस संशोधन केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन या शास्त्रज्ञांनी को २०५ ही संकरित जात १९१८ मध्येच आणली होती आणि जानकीबाई तिथं गेल्या १९३४ ला, मग ऊस त्यांनीच गोड केला असं लिहिलं की दुसऱ्यांचं श्रेय त्यांच्या नावावर जातं आणि त्यांचं स्वतःचं काम राहतं बाजूला, ते मला फार लागतं.

त्यांचं काम होतं क्रोमोसोमचं, म्हणजे आईबापाचे गुण पुढं नेणाऱ्या पेशीतल्या गुणसूत्रांचं. आपल्याकडं नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांचं उंच गवत वाढतं ना, तो उसाचा रानटी भाऊबंद. देशातल्या वेगवेगळ्या भागातलं हे गवत घेऊन त्यांनी पेशीतले क्रोमोसोम मोजले, तर दिसायला एकच पण आकडे वेगवेगळे! आता माहितीये की ते ४० पासून १२८ पर्यंत जातात, आणि गोड जाड उसाचे ८०. असल्या गुंत्यात कशाचा कशाशी संकर जमेल हे मोजल्याशिवाय कळायचं कसं? त्यांनी तर उसाचा मक्याशीसुद्धा संकर करून बघितला.

काल मळ्यात गेलो होतो, शेजारच्या फडाला तुरा आलाय आणि मालक वैतागलाय, कारण तुरा आला की वाढ थांबते, दशी पडते म्हणजे ऊस आतून पोकळ होतो, वजन घटतं. पण संकर करणाऱ्याला तोच तुरा पाहिजे असतो. आपण डोळ्याची कांडी लावतो म्हणजे आईसारखंच लेकरू येतं, तुऱ्यातल्या बारीकशा बीपासून मात्र प्रत्येक रोप निराळं निघतं, त्यातूनच नवी जात निवडतात. कोइमतूरला तुरा चांगला येतो, बी धरतं, म्हणून केंद्र तिथं. आपल्याकडं जो तो ८६०३२ म्हणतो ना, त्या उसाच्या जातीच्या आकड्याआधीचं "को" म्हणजे कोइमतूरच.

आणि अहो, त्या आपल्या मिशिगनच्याच! बार्बोर स्कॉलरशिपवर (उसाच्या बार्बरशी हिचा संबंध नाही) ॲन आर्बरला मिशिगन विद्यापीठात शिकल्या, १९३१ ला तिथंच डॉक्टरेट, हे पोस्टरवर कुठंच नाही. १९३९ ला एडिनबराला जेनेटिक्सच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला गेल्या, युद्ध पेटलं, मग इंग्लंडमध्येच राहिल्या आणि १९४५ ला तिथले शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्याबरोबर लागवडीखालच्या वनस्पतींचा क्रोमोसोम ॲटलास काढला, हजारो वनस्पतींचे आकडे एका पुस्तकात. १९५१ ला नेहरूंनी बोलावलं म्हणून परत आल्या. पद्मश्री मिळाली १९७७ ला, वयाच्या ऐंशीच्या घरात.

---

काका, मनापासून आभार. हेडिंग आता "उसाचे क्रोमोसोम मोजणारी ॲन आर्बरची विद्यार्थिनी" असं करते. कांडी काही आणू नका, एअरपोर्टवर काढून घेतील. तुऱ्याचे फोटो मात्र जवळून काढून आजच पाठवा, इथल्या पोरांनी ऊस फक्त रसाच्या ग्लासात बघितलाय.