वॅन ऑप्टिमायझर असूनही नवीन लॅपटॉपवर फाइल शेअर रांगतोय, जुन्यावर मात्र पळतोय

बुटीबोरी_आयटी:
नमस्कार मंडळी, तीन आठवडे झाले यातच अडकलोय. फाइल सर्व्हर पुण्याला हेड ऑफिसात, प्लांट बुटीबोरीला, मध्ये 10 एमबीपीएसची एमपीएलएस लिंक (टेलिकॉम कंपनीकडून घेतलेली खाजगी लाइन), पिंग म्हणजे जाऊन-येऊन 40 मिलिसेकंदच्या आसपास. दोन्हीकडे वॅन ऑप्टिमायझरचे, म्हणजे लांबच्या लिंकवरचं काम वेगवान करणारे, बॉक्स लावलेत आणि चार वर्षं काही कटकट नव्हती. आता डिझाइनवाल्यांना विंडोज 11 24एच2 चे नवीन लॅपटॉप दिले तर त्यावर 300 पार्टची असेंब्ली उघडायला दीड-दोन मिनिटं लागतात, आणि शेजारच्याच टेबलावर विंडोज 10 वर तीच असेंब्ली पंधरा सेकंदात उघडते. कधीकधी मॅप केलेला ड्राइव्ह पहिल्या क्लिकला तुटतो, परत क्लिक केलं की लागतो. परमिशन तपासल्या, अँटिव्हायरस काढून बघितला, केबल बदलली. डिझाइनची पोरं रोज उशिरापर्यंत थांबतायत, मला त्यांच्याकडे बघवत नाही. कुठून सुरुवात करू?

केबलखेचू:
आधी बॉक्सच्या करंट कनेक्शनच्या यादीत जा आणि त्या लॅपटॉपचं पोर्ट 445 चं (फाइल शेअरचं) कनेक्शन ऑप्टिमाइझ्ड दिसतंय की पास-थ्रू (हात न लावता तसंच सोडलेलं) ते बघ. पास-थ्रू असेल तर बॉक्सना एकमेकांचा पत्ताच लागत नाहीये. बरेच बॉक्स कनेक्शन सुरू करणाऱ्या सिन पॅकेटमध्ये एक टीसीपी ऑप्शन घालून समोरच्या बॉक्सला शोधतात आणि मधल्या फायरवॉलने तो ऑप्शन काढून टाकला की खेळ खलास. दुसरं म्हणजे जाताना एका रस्त्याने आणि येताना दुसऱ्या लिंकने असं होतंय का तेही बघ. पण जुनी मशीन त्याच स्विचवरून नीट चालतायत म्हणजे रस्ता बहुतेक ठीकच असावा.

बुटीबोरी_आयटी:
बघितलं दादा. पास-थ्रू नाहीये, ऑप्टिमाइझ्डच दाखवतंय, फक्त प्रोटोकॉलच्या कॉलममध्ये जुन्या मशीनला एसएमबी (विंडोजचा फाइल शेअरचा प्रोटोकॉल) लिहिलंय आणि नवीन मशीनला नुसतं टीसीपी.

राउटर_ताई:
मग सापडलं समज, हे साइनिंग आहे, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर डिजिटल सही. नवीन लॅपटॉपवर अॅडमिन म्हणून पॉवरशेल उघडून गेट-एसएमबीकनेक्शन मार, पुढे सिलेक्ट लावून सगळी माहिती दाखव आणि त्यात साइन्ड बघ, ट्रू येणार. विंडोज 11 24एच2 पासून प्रो आणि एंटरप्राइझला एसएमबी साइनिंग मुळातच सक्तीचं केलंय. विंडोज 10 चा क्लायंट साध्या फाइल सर्व्हरशी बोलताना तशी सक्ती करत नाही, म्हणून शेजारचं टेबल पळतंय.

आता स्लो का होतं ते नीट समजून घे, कारण बरेच जण इथे बँडविड्थ वाढवून पैसे घालवतात. असेंब्ली उघडताना प्रत्येक पार्टसाठी उघड, माहिती दे, वाच, बंद कर अशा चार-पाच फेऱ्या होतात. 300 पार्ट गुणिले 5 फेऱ्या गुणिले 40 मिलिसेकंद, एक मिनिट नुसतं जाण्यायेण्यात गेलं, लिंक 10 ची 100 केलीस तरी हे मिनिट तसंच राहणार. बॉक्स एरवी ह्या फेऱ्या तुमच्याकडेच उरकतो, पुढचा डेटा आधीच मागवून ठेवतो. पण क्लायंटच्या वतीने उत्तर द्यायचं तर त्या पॅकेटवर सही लागते आणि सहीची किल्ली त्याच्याकडे नाही. साइनिंग आहेच मुळी मधल्या माणसाला अडवायला, त्याला चांगला मधला आणि वाईट मधला कळत नाही. म्हणून बॉक्स एसएमबीतून हात काढून घेतो आणि खालचं टीसीपी, कॉम्प्रेशन वगैरे तेवढं बघतो.

रात्रपाळी:
ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनच्या एकत्र सेटिंगमधून) साइनिंगची सक्ती बंद करून टाका की, पाच मिनिटांचं काम आहे.

राउटर_ताई:
नको, कृपा करून हे करू नका. एनटीएलएम (विंडोजची जुनी लॉगिन पद्धत) रिलेच्या हल्ल्यात कुणाचं तरी लॉगिन मध्येच उचलून दुसऱ्या सर्व्हरवर वापरतात, ते अडवायला हीच सही लागते. ड्रॉइंगच्या वेगासाठी अख्खं डोमेन (कंपनीचं सगळं विंडोज नेटवर्क) उघडं टाकायचं नाही. सर्व्हरकडचा बॉक्स डोमेनमध्ये जॉइन करून त्याला डेलिगेशनचे (क्लायंटच्या वतीने बोलण्याचे) हक्क दिले की तो रीतसर सही करू शकतो. तुमच्याकडे ते केलेलं आहे का बघ.

जुना_सर्व्हरवाला:
ताई बरोबर सांगतायत. आणि जॉइन केलेला दिसला तरी विश्वास ठेवू नकोस, त्या बॉक्समध्ये डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) कुठला टाकलाय आणि घड्याळ किती वाजलेत दाखवतंय ते बघ. कर्बेरॉसला (डोमेनच्या लॉगिन पद्धतीला) 5 मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. आम्ही एकदा चार दिवस पॅकेट कॅप्चर बघत बसलो होतो आणि घोळ घड्याळाचा निघाला.

बुटीबोरी_आयटी:
मिळालं!! पुण्याच्या बॉक्सच्या डीएनएसमध्ये जुन्या डोमेन कंट्रोलरचा (डोमेनची लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरचा) आयपी होता, तो कंट्रोलर दिवाळीनंतर काढून टाकला आणि टाइमही बॉक्स त्याच्याकडूनच घेत होता, सात मिनिटं मागे पडलेला. त्यामुळे डोमेनमध्ये जॉइन्ड असं लिहिलेलं पण प्रत्यक्षात साइनिंगचं प्रत्येक कनेक्शन फेल होत होतं. ड्राइव्ह पहिल्या क्लिकला तुटायचा तोही त्यातलाच प्रकार, लॉगमध्ये बरोबर त्याच वेळेला एरर आहेत. डीएनएस बदलला, एनटीपी (घड्याळ जुळवणं) नवीन कंट्रोलरवर वळवला, परत जॉइन केलं, डेलिगेशन फक्त त्या एका फाइल सर्व्हरच्या सिफ्स (फाइल शेअर) सर्व्हिसपुरतं दिलं.

तरी अर्धा तास काहीच फरक पडेना, जीव खालीवर झाला. मग लक्षात आलं की बॉक्स फक्त नवीन कनेक्शन पकडतो आणि लॅपटॉपांची जुनी कनेक्शन तशीच चालू होती. सगळ्यांना रीस्टार्ट करायला लावले आणि असेंब्ली सतरा सेकंदात उघडली. प्रोटोकॉलला आता एसएमबी, साइन्ड ट्रू.

फक्त अकाउंट्सचा एक शेअर अजून हळूच आहे, त्यावर एन्क्रिप्शन लावलंय.

राउटर_ताई:
तो तसाच राहू दे. एन्क्रिप्ट केलेल्या डेटात कॉम्प्रेस करण्यासारखं बॉक्सला काही सापडत नाही, आणि अकाउंट्सवाले शे-दोनशे केबीच्या एक्सेल उघडतात, त्यांना फार जाणवणार नाही.