हालश्टाट (ऑस्ट्रिया): व्हिएन्नाहून रेल्वेने, आई-बाबांसोबत एक मुक्काम

निळीछत्री:
सप्टेंबरअखेरीस आई-बाबांना घेऊन जायचं आहे. आईचे गुडघे दुखतात, दोघंही शाकाहारी (अंडं चालतं), दोन मोठ्या बॅगा आहेत. स्टेशन तळ्याच्या पलीकडच्या काठावर आहे म्हणे, मग गावात पोचायचं कसं? मिठाची खाण आईला झेपेल का? आणि जेवणाचं काय?

रूळबदल:
व्हिएन्नाहून रेलजेटने (ऑस्ट्रियाची वेगवान गाडी) आटनांग-पुखहाइम, तिथे गाडी बदलून हालश्टाट. एकूण साधारण साडेतीन तास. तिकीट शेवटपर्यंतचं एकच काढा. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी चुकली, तर त्याच तिकिटावर पुढच्या गाडीने जाता येतं. दोन तुकड्यांत काढलेल्या तिकिटांना हे संरक्षण मिळेलच असं नाही. बॅगा आणि आईचे गुडघे बघता पाच-सात मिनिटांत गाडी बदलायची वेळ येऊ देऊ नका.

आटनांगनंतर डावीकडे बसा, एबेनझेपर्यंत ट्राउनझे तळं त्या बाजूला दिसतं. श्टेग-गोसाउ स्टेशन गेलं की उजवीकडे सरका, हालश्टाटचं तळं अगदी खिडकीला लागून येतं.

स्टेशनातून उतरून थेट धक्क्यावर जायचं. बोट गाड्यांच्या वेळा धरूनच सुटते आणि दहा मिनिटांत गावात नेते. तिचं भाडं रेल्वेच्या तिकिटात नसतं, रोख युरो जवळ ठेवा.

लोक हमखास फसतात ते संध्याकाळी. रात्रीच्या गाड्यांना बोट नसते आणि त्या स्टेशनाला गावाकडे जाणारा गाडीरस्ताच नाही. शेवटची बोट चुकणार असेल तर हालश्टाटला उतरूच नका. त्याच गाडीने पुढच्या ओबरट्राउन स्टेशनाला जा आणि तिथून टॅक्सी करा. ती आधीच फोन करून ठरवलेली बरी. तुमच्यासोबत वडीलधारी माणसं आहेत, तेव्हा दुपारी तीनच्या आत पोचाल अशीच गाडी धरा.

दगडीपायरी:
हॉटेल बुक करण्याआधी त्यांना एकच प्रश्न विचारा: धक्क्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, आणि आत लिफ्ट आहे का? डोंगर आणि पाणी यांच्या चिंचोळ्या पट्टीत गाव वसलंय, त्यामुळे घरं एकावर एक रचल्यासारखी आहेत. फोटोत सुंदर दिसणारी वरची खोली बॅगेसह चढणं म्हणजे शिक्षा. मोठ्या बॅगा व्हिएन्नाच्या हॉटेलात ठेवून एका रात्रीपुरती सॅक आणली तर उत्तमच.

खाण आईसाठी नको, असं माझं स्पष्ट मत. फ्युनिक्युलरने (डोंगर चढणारी केबलवर ओढली जाणारी गाडी) वर गेल्यावरही खाणीच्या तोंडापर्यंत चढ आहे, आत लाकडी घसरगुंड्या आहेत आणि घसरायचं नसेल तर शेजारच्या पायऱ्या उतरायच्या. शिवाय आत बारमाही 8 अंशांच्या आसपास थंडी. तुम्ही जाणार असाल तर फ्युनिक्युलर त्या आठवड्यात चालू आहे ना, ते आधी बघून घ्या.

कॅथलिक चर्चमागचं अस्थिघर मात्र, तेवढ्या पायऱ्या जमल्या तर, जरूर दाखवा. दफनभूमीला जागा पुरेना म्हणून काही वर्षांनी हाडं काढून इथे ठेवत. 600 हून जास्त कवट्यांवर नावं आणि पानाफुलांच्या माळा रंगवल्या आहेत. मुक्काम आहे त्याचा फायदा घ्या: दिवसभराच्या सहलींची गर्दी साधारण दहा ते चार असते, फोटो सकाळी आठच्या आत काढा.

फोडणीवाली:
सूप सांभाळून. फ्रिटाटेनझुपेत दिसतात त्या धिरड्याच्या पट्ट्या, पण खालचं पाणी बहुतेक ठिकाणी गोमांसाचं असतं. चीजच्या वड्यांचं काझप्रेसक्न्योडेल सूपही तसंच. केझेश्पेट्सले (चीज घातलेल्या पिठाच्या गोळ्या, वर तळलेला कांदा) चालेल, पण मागवताना "ओने श्पेक, ओने फ्लाइश" (बेकन नको, मांस नको) म्हणाच, कधीकधी डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे घालतात. "वेगेटारिश" एवढं म्हणून थांबू नका, सुपाचं पाणी कशाचं ते वेगळं विचारा. गोडात काइझरश्मार्न (अंड्याच्या जाड गोड धिरड्याचे तुकडे) घ्या, फक्त मनुका रममध्ये भिजवलेल्या नाहीत ना, ते विचारून.

गावातली स्वयंपाकघरं लवकर बंद होतात, साडेसातपर्यंत टेबलावर बसलेलं बरं. रविवारी दुकानंही बंद असतात. दही, ब्रेड, फळं व्हिएन्नाच्या हाउप्टबानहोफवरून (मुख्य रेल्वे स्टेशन) घ्या, तिथलं सुपरमार्केट रविवारीही उघडं असतं. पाण्याच्या बाटल्या वाहू नका, नळाचं पाणी प्यायला उत्तम आहे.

निळीछत्री:
मनापासून आभार. खाण रद्द, सॅक नक्की. परतीला सकाळची बोट किती आधी गाठावी?

रूळबदल:
गाडीच्या वेळेआधी निदान अर्धा तास धक्क्यावर असा. त्या गाडीला जोडलेल्या बोटीची वेळ आदल्या संध्याकाळीच फलकावर वाचून ठेवा. ती चुकली तर ती गाडीही गेली.