कलावस्तूतून नमुना काढण्यावर बंदी घालावी का?

धागाकर्ता: जुन्या चित्राचा किंवा हस्तलिखिताचा कण काढून तो तपासण्याची पद्धत संग्रहालयांनी आता बंद करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. क्ष-किरण प्रतिदीप्तीने (क्ष-किरण पडल्यावर वस्तूतून परत येणारे किरण मोजून) मूलद्रव्ये कळतात, रामन (लेझरचा विखुरलेला प्रकाश) आणि अवरक्त वर्णपटांवरून संयुगे ओळखता येतात, आणि त्यासाठी वस्तूला ओरखडाही काढावा लागत नाही. व्हॅन गॉगच्या एका हिरवळीच्या चित्राखाली दडलेला स्त्रीचा चेहरा २००८ साली क्ष-किरणांनीच रंगांसह उलगडला. काढलेला कण मात्र परत जागेवर बसवता येत नाही.

प्रतिसाद १: साफ असहमत. नॉर्वेचा चित्रकार मुंकच्या ‘द स्क्रीम’ या चित्राच्या सुमारे १९१० च्या आवृत्तीतील कॅडमियम पिवळा रंग फिका पडत होता आणि तळ्याच्या भागातला रंग सुटत होता. संशोधकांनी सोबत नेता येणाऱ्या उपकरणांनी चित्राची जागेवरच तपासणी केली. पण अतिसूक्ष्म कणांवर सिंक्रोट्रॉन या प्रचंड कणवेगकाचे प्रखर क्ष-किरण सोडून आणि तसेच रंग प्रयोगशाळेत मुद्दाम जुने करून पाहिल्यावरच, प्रकाशापेक्षा हवेतला दमटपणा अधिक घातक आहे, हा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पक्का झाला. क्ष-किरण प्रतिदीप्तीत वरखालच्या थरांचे संकेत एकमेकांत मिसळतात, तर रंग बांधून ठेवणारे तेल किंवा डिंक तिला जवळजवळ दिसतच नाही. चित्र वाचवायचे असेल तर नेमके हेच कळावे लागते.

प्रतिसाद २: मी धागाकर्त्याच्या बाजूने. येल विद्यापीठाकडच्या विनलंड नकाशाचे, म्हणजे उत्तर अमेरिकेचा किनारा दाखवणाऱ्या आणि मध्ययुगीन म्हणवल्या गेलेल्या नकाशाचे, उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात शाईचे कण काढून त्यांत टायटॅनियम डायऑक्साइड सापडल्याचे सांगितले गेले, परंतु मूठभर कण साऱ्या नकाशाचे प्रतिनिधित्व करतात का, यावर वाद झडत राहिला. २०२१ मध्ये पूर्ण नकाशाचे क्ष-किरणांनी चित्रण झाले आणि रेषांत व अक्षरांत सर्वत्र टायटॅनियम आढळले. टायटॅनियमचे असे रंगद्रव्य शाईत १९२० च्या दशकापासून येऊ लागले. तेव्हा मध्ययुगीन असल्याचा दावा कोसळला.

प्रतिसाद ३: उदाहरण अर्धेच सांगितलेत. १९८० च्या दशकात त्याच नकाशावर प्रोटॉन झोत सोडून, नमुना न काढता झालेल्या तपासणीत टायटॅनियम इतके अत्यल्प दिसले की बनावटीच्या आरोपावरच शंका घेतली गेली. म्हणजे आधी बरोबर ठरले होते ते कणच! शिवाय शाई आधुनिक असली तरी ज्यावर नकाशा काढला ते चर्मपत्र (लिहिण्यासाठी कमावलेले कातडे) पंधराव्या शतकातले आहे, हे त्याचा तुकडा कापून केलेल्या कार्बन कालमापनाने कळले. वर्णपटावरून वय असे थेट वाचता येत नाही. आणि ‘स्पर्श नाही म्हणजे इजा नाही’ हेही खरे नव्हे. रामन तपासणीत लेझरची तीव्रता जास्त झाली तर शेंदरासारखी शिशाची रंगद्रव्ये त्या बिंदूवर रूपांतरित होतात. माझ्या मते आधी संपूर्ण पृष्ठभागाचे चित्रण करावे, आणि त्याने न सुटलेल्या प्रश्नापुरताच, आधीच भेगाळलेल्या जागेच्या कडेचा कण घ्यावा. राळेत बसवून कापलेला त्या कणाचा छेद उद्याच्या उपकरणाखालीही ठेवता येतो.

धागाकर्ता: ठेवता येतो, पण जपून ठेवला आणि कुठून घेतला याची नोंद असली तरच. ती नोंद हरवली की तो कुठल्याही चित्राचा असू शकतो. हा क्रम मला मान्य आहे. मात्र ‘न सुटलेला प्रश्न’ कोणता, हे कण मागणाऱ्या संशोधकानेच ठरवायचे असेल तर बंदीच बरी. तो निर्णय ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्या संवर्धकाचा असावा, आणि नकार देताना त्याला कारणे द्यावी लागू नयेत.

प्रतिसाद १: कारणे न देता नकार मिळाला तर ‘द स्क्रीम’ दमट हवेत तसेच राहिले असते.