अनुभव धागा: प्रसिद्ध होण्यापूर्वी चाखलेला इटालियन पदार्थ

आज सर्वत्र मिळणारा एखादा इटालियन पदार्थ त्याचा बोलबाला होण्यापूर्वी आपण कुठे चाखला आणि तो कसा केला जात होता, हे सविस्तर लिहावे, अशी सर्वांना विनंती. सुरुवात मी करतो.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस उत्तर इटलीतील पदुआला शिकत असताना मी त्रेव्हिझोमध्ये तिरामिसू खाल्ले. तिथल्या 'ले बेक्केरिए' या उपाहारगृहाने ते १९७२च्या सुमारास ग्राहकांपुढे आणले होते. दक्षिणेकडून आलेल्या माझ्या वर्गमित्रांना मात्र त्याचे नावही ठाऊक नव्हते. कडक कॉफीत बुडवलेली साव्होयार्दी बिस्किटे, अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर फेटून त्यात कालवलेले मास्कार्पोने हे मऊ, सायीचे चीज आणि वर कोको, एवढाच ऐवज होता. मद्य नव्हते, आणि माझ्या मते ते नसावेच. त्याने कॉफीची चव दबते.

•

माझा अनुभव १९९०च्या दशकातला, दक्षिण इटलीच्या पुलिया प्रांतातील आंद्रिया गावचा. तिथल्या चीज करणाऱ्या कारागिराने गरम पाण्यात ताणून लवचिक केलेल्या छन्याची हातावरच पिशवी केली, तीत त्याच छन्याचे तंतू आणि साय यांचे मिश्रण, म्हणजे स्त्राच्चातेल्ला, भरले आणि तोंड गाठ मारून बंद केले. ही बुर्राता. ती अ‍ॅस्फोडेल नावाच्या रानवनस्पतीच्या हिरव्या पात्यांत गुंडाळून देत, आणि पाती कोमेजली की बुर्राता शिळी झाली असे गिऱ्हाईक समजे. आंद्रियाच्या बुर्राताला २०१६मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून आनंद झाला.

•

आंद्रियाचा उल्लेख वाचून शेजारच्या बारीतील 'स्पगेत्ती आल्लास्सास्सिना' आठवली. तिची चर्चा आता बरीच होते. मी खाल्ली तेव्हा ती बारीबाहेर फारशी कुणाला माहीत नव्हती. लोखंडी कढईत तेल, लसूण, मिरची आणि टोमॅटो घालून त्यात न उकडलेली स्पगेत्ती तशीच पसरतात आणि टोमॅटोचे पातळ, गरम पाणी पळीपळीने सोडतात. प्रत्येक वेळी पाणी आटून स्पगेत्ती तळाला लागेपर्यंत तिला हात लावायचा नाही. चर्र आवाज बदलला की उलथन्याने खरवडून उलटायची. कडा काळपट, कुरकुरीत होतात आणि टोमॅटोचा गोडवा करपट तिखटात उतरतो.

•

बारीची कृती लिहिणाऱ्यांना एक विचारायचे आहे: लोखंडी कढई नसल्यास जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत स्पगेत्ती तशीच खरपूस होते का?