फेराइट रॉडला लिट्झ वायर हवीच, की नुसता हट्ट?

घाटमाथा_सातारा
साताऱ्यात सांगली आकाशवाणी (१२५१ किलोहर्ट्झ) नीट लागावी म्हणून रेडिओच्या फेराइट रॉडची (आतल्या अँटेनाच्या कांडीची) कॉईल नव्यानं गुंडाळतोय. जो तो सांगतो, लिट्झच (बारीक तारांना पीळ देऊन केलेली वायर) घ्या. मला हा जुन्या मंडळींचा हट्ट वाटतो. साध्या फ्लेक्झिबल वायरमध्येही बारीक तारांचा झुपका असतोच की! पटत नसेल तर कारण द्या. ‘पूर्वीपासून असंच करतात’ हे चालणार नाही.

कुपवाडचा_वाइंडर
घ्या कारण. १२५१ ला प्रवाह तांब्याच्या पृष्ठभागालगत, साधारण ०.०६ मिमी थरात गोळा होतो. आतलं तांबं जवळजवळ फुकट. ५० हर्ट्झला हाच थर ९ मिमीच्या वर, म्हणून मोटर भरताना आम्ही ह्याकडं बघतसुद्धा नाही. तुमच्या फ्लेक्झिबलच्या तारा उघड्या, एकमेकींना चिकटलेल्या. म्हणजे एकच जाड तार झाली. लिट्झमध्ये प्रत्येक तारेवर वेगळं इनॅमल, म्हणजे वीज न जाऊ देणारा पातळ लेप असतो.

घाटमाथा_सातारा
मग ४२ गेजच्या सात इनॅमल तारा ड्रिलला अडकवून पीळ देतो. झाली लिट्झ, निम्म्याहून कमी पैशात.

कुपवाडचा_वाइंडर
कुठं झाली? सातांना एकदम पीळ दिला की मधली कायम मधेच अडकते. प्रत्येक तारेला आत-बाहेर जायची पाळी मिळाली पाहिजे. आधी तीन-तीनचे पीळ द्या, मग असे तीन पीळ एकत्र वळा. दुसरं, ४२ गेज म्हणजे ०.१ मिमी, ह्या कामाला जाडच. शेजारच्या वेढ्यांच्या चुंबकीय क्षेत्रानं जाड तारेत भोवरा प्रवाह (आतल्या आत फिरून वाया जाणारे) जास्त होतात. ४६ च्या आसपास बघा. आणि टोकाला प्रत्येक तारेवर कथील बसलंय का ते भिंग लावून तपासा. बरेच जण इथंच माती खातात.

चाळीस_मीटर_सांगली
वाइंडरदादा, लिट्झचं एवढं देव्हारं नको. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला आहे. ७ मेगाहर्ट्झला तो थर ०.०२५ मिमी. तेवढ्या बारीक तारा वळण्यापेक्षा मी सरळ तांब्याची नळी वाकवतो. साधारण दोन मेगाहर्ट्झच्या वर लिट्झचा फायदा उरत नाही. तिचं राज्य त्याखालच्या फ्रिक्वेन्सीला, इंडक्शन शेगडी उघडून बघा हवं तर.

कुपवाडचा_वाइंडर
मान्य, पण धागा १२५१ चा आहे, ७ मेगाहर्ट्झचा नव्हे.

घाटमाथा_सातारा
समजा लिट्झनं क्यू (कॉईलचा गुणांक; जितका जास्त तितकं ट्यूनिंग अरुंद) २०० झाला. बँडविड्थ, म्हणजे ट्यूनिंगची रुंदी, राहिली जेमतेम सव्वासहा किलोहर्ट्झ, म्हणजे गाणं बोथट. वर शेजारच्या एलईडी बल्बची खरखर! तार बदलून ती थोडीच जाणार?

कुपवाडचा_वाइंडर
क्यू जास्त झाला तर समांतर रेझिस्टर टाकून उतरवता येतो. टाकाऊ तारेचा वाढवायला काय टाकणार? खरखरीसाठी रॉडचं टोक बल्बाच्या दिशेला करा, त्या बाजूनं रॉड जवळपास बहिरा असतो. फक्त सांगली त्याच रेषेत येत नाही ना, एवढं बघा.

घाटमाथा_सातारा
नऊ तारांची वळतो. पण दुसऱ्या रॉडवर फ्लेक्झिबलही गुंडाळणार. मीटरवर दोन्ही लावल्याशिवाय मी ऐकणार नाही.