ग्राफीन ताणल्यावर दिसणारी चमक नक्की कशाची?

प्रश्न
125 मायक्रॉन जाडीच्या पेट (पीईटी प्लास्टिक) फिल्मवर सीव्हीडीने, म्हणजे वायूतून थर जमवून, बनवलेलं एकथरी ग्राफीन (कार्बन अणूंचा एकाच अणूच्या जाडीचा पापुद्रा) आहे. फिल्म 10 मिमी त्रिज्येच्या दांड्यावर वाकवून 532 नॅनोमीटरच्या सलग लेझरने स्पेक्ट्रम घेतला. वाकवल्यावर रुंद पार्श्वभूमी वाढते. स्ट्रेनमुळे (ताणल्याने आलेल्या विकृतीमुळे) बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनांना निषिद्ध असलेला ऊर्जेचा पट्टा, उघडून आलेला हा फोटोल्युमिनेसन्स (प्रकाश शोषून पुन्हा दिलेला प्रकाश) असू शकतो का?

उत्तर: बँडगॅपवाला
नाही. पृष्ठभागावरचा स्ट्रेन म्हणजे जाडी भागिले दुप्पट त्रिज्या: 0.125/20, साधारण 0.6 टक्के. एकाच दिशेने ताणून गॅप उघडायला गणितानुसार 20 टक्क्यांच्या वर जावं लागतं. तोवर डिरॅक बिंदू (जिथे ग्राफीनचे दोन ऊर्जापट्टे एकमेकांना टेकतात) नुसते सरकतात. गॅपच नसल्याने उत्तेजित इलेक्ट्रॉन क्षणार्धात आपसांत आणि फोनॉनना (अणूंच्या कंपनांना) ऊर्जा देऊन मोकळे होतात, प्रकाश द्यायला उरतच नाहीत. फेम्टोसेकंद पल्सखाली चमक मिळते, पण ती तापलेल्या इलेक्ट्रॉनांची.

माझा संशय पेटवर आहे. वाकवताना फोकस फिल्मच्या आत गेला की तिचा फ्लुरोसन्स वाढतो. ग्राफीन नसलेला तुकडा त्याच दांड्यावर वाकवून, फोकस पुन्हा जुळवून तपासा.

उत्तर: रामन_रेषा
आधी स्ट्रेन ग्राफीनपर्यंत खरंच पोचतोय का ते रामन स्पेक्ट्रममध्ये (अणूंच्या कंपनांमुळे सरकलेल्या लेझर प्रकाशात) बघा. ग्राफीनच्या ‘जी’ नावाच्या शिखराशेजारी पेटची 1615 प्रतिसेंटीमीटरची रेघ लुडबुडते, म्हणून 2680च्या आसपासचं ‘2डी’ शिखर धरा. ते स्ट्रेनच्या दर टक्क्याला सुमारे 64 प्रतिसेंटीमीटर खाली येतं, म्हणजे तुमच्याकडे 40 यायला हवं. निम्मंच आलं तर ग्राफीन घसरतंय. वर एसयू-8 या पॉलिमरचा पातळ थर द्या किंवा कडा टायटॅनियम-सोन्याच्या पट्ट्यांनी दाबा.

लेझर 1 मिलीवॉटच्या खालीच ठेवा. पेट उष्णता वाहून नेत नाही आणि तापल्यानेही शिखर खालीच सरकतं. पॉवर निम्मी करून आकडा बदलला, तर ते मोजमाप टाकून द्या.

उत्तर: बँडगॅपवाला
विकृतीने रंग बदललेला बघायचाच असेल तर याच दांड्यावर एकथरी मॉलिब्डेनम डायसल्फाइड घ्या; त्याला मुळातच गॅप असतो. स्ट्रेनच्या दर टक्क्याला गॅपमध्ये सुमारे 45 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट घट, म्हणजे 670 नॅनोमीटरजवळचं शिखर इथे 10 नॅनोमीटर लालकडे जाईल. टक्क्याच्या पुढे तीव्रताही ढासळते, कारण गॅप अप्रत्यक्ष होऊ लागतो, म्हणजे फोनॉनच्या मदतीशिवाय प्रकाश देता येत नाही.

ग्राफीनच हवं असेल तर ते सिलिकॉनच्या चरावर अधांतरी ताणून, निर्वातात विजेने तापवा. हवेत ते जळतं. 2015 साली अशा पट्टीत इलेक्ट्रॉनांचं तापमान 2800 केल्विनपर्यंत गेलं होतं. इथे विकृतीचा परिणाम थेट दिसतो: तळावरून परतणारा प्रकाश मूळ प्रकाशात मिसळून शिखरं तयार करतो. चर 1 मायक्रॉन खोल असेल तर शिखरांत 0.62 इलेक्ट्रॉनव्होल्टचं अंतर पडतं, पट्टी 100 नॅनोमीटर झोळली की 0.69.