डिसइंटरेस्टेड, अनइंटरेस्टेड आणि आपला ‘उदासीन’

प्रश्न : एका इंग्रजी निकालपत्राचा अनुवाद करतोय. ‘डिसइंटरेस्टेड विटनेस’ला मी ‘रस नसलेला साक्षीदार’ लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ मारली. ‘अनइंटरेस्टेड’ म्हणजे तरी वेगळं काय?

– रेघ बरोबर आहे. इंटरेस्ट म्हणजे बँकेत व्याज, गाण्यात रस आणि कोर्टात हितसंबंध. अनइंटरेस्टेडला रस नसतो, डिसइंटरेस्टेडला हितसंबंध नसतो. बांधावरून दोन भावांची जुंपली आणि साक्षीला असा शेजारी आला, ज्याचा जमिनीत वाटा नाही, जो कुणाचा सोयराही नाही, तर तो डिसइंटरेस्टेड. भांडण त्याने कुंपणापाशी उभं राहून कान देऊन ऐकलेलं असेल, म्हणजे रस भरपूर! जांभया देत मोबाइल चाळणारा तो अनइंटरेस्टेड. न्यायाधीश पहिल्या जातीचा हवा, दुसऱ्या जातीचा मिळाला तर पक्षकाराचं नशीब.

गंमत अशी की सतराव्या शतकातल्या इंग्रजीत डिसइंटरेस्टेड ‘रस नसलेला’ या अर्थानेही चाले आणि अनइंटरेस्टेड ‘निःपक्ष’ या अर्थाने. पुढे जागांची अदलाबदल झाली. आजही बरेच इंग्रज पहिला शब्द दुसऱ्याच्या जागी वापरतात आणि व्याकरणाचे राखणदार चिडतात.

– मग ‘उदासीन साक्षीदार’?

– संस्कृतात चाललं असतं. उद् + आसीन, म्हणजे बाजूला बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलातला, म्हणजे शत्रू-मित्र राजांच्या वर्तुळातला, उदासीन राजा कुणाच्याच बाजूचा नसतो, पण चांगला बलवान असतो. गीतेच्या बाराव्या अध्यायात ‘शुचिर्दक्ष उदासीनो’ आहे. एकाच ओळीत दक्षही आणि उदासीनही, म्हणजे तिथे बेफिकिरीचा वारासुद्धा नाही. मराठीत मात्र आपण ‘प्रशासनाची उदासीनता’, ‘मतदारांची उदासीनता’ म्हणत या शब्दाला पार अनइंटरेस्टेड करून टाकलं. शिवाय ‘उदास’शी गल्लत होते ती वेगळीच. निकालपत्रात उदासीन लिहिलंत तर वाचणाऱ्याला साक्षीदार रडवेला वाटेल.

– तटस्थ?

– जवळचा आहे, पण मला खटकतो. तटस्थ म्हणजे काठावर उभा, कुणाचीच बाजू न घेणारा. हा साक्षीदार तर ‘बांध धाकट्यानेच सरकवला’ असं ठणकावून सांगेल, त्याला तटस्थ कसं म्हणायचं? निःपक्षपाती हा वागण्याचा गुण झाला. इथे प्रश्न नात्यागोत्याचा आणि वाट्याचा आहे. मी ‘त्रयस्थ’ लिहीन. फार काटेकोर हवं असेल तर सरळ ‘हितसंबंध नसलेला’. लांबतं, पण वकिलांना लांबलेलं चालतं.

– ‘त्रयस्थ साक्षीदार’ लिहून पाठवलं. आता पुढच्या पानावर ‘इंटरेस्टेड पार्टी’ आहे.

– तिथेही रस नको!